बिनफोडणीची

अंबडची शिफ्ट सुटते साडेपाचला.
विहितगावच्या वळणावर पालेभाजीवाल्या मावशी बसतात,
हेल्मेट न काढताच विचारतो, अंबाडी आहे?
"आहे, पण कोवळी नाही, उकळावी लागंल."
उकळायलाच हवीये मला.

रुआतीची नाइट सातला सुरू होते,
कॅम्पातल्या मिलिटरी हॉस्पिटलात.
म्हणजे माझ्या हातात पाऊण तास,
त्यातली दहा मिनिटं मावीची गणिताची वही खाते.

फ्रिजवर डकवलाय माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट,
एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल.
नर्सच्या हातचा गोल, सुबक, पळवाट नसलेला.
त्या दिवशी तेलाचा डबा वरच्या फळीवर गेला
आणि आमच्याकडे बाई आली.

बाई म्हणजे
पाला, घेवडा, वांग्याच्या दोन फोडी,
मिरच्या, मूठभर तांदूळ, चिमूटभर सोडा, पाणी.
तेल नाही. मोहरी नाही. हिंगाचं नाव नाही.
ऐझॉलला सासूबाईंच्या चुलीवर ती तासभर रटरटते,
आमच्याकडे तीन शिट्ट्या.

समोरच्या धोंगडे काकूंनी एकदा मावीला विचारलं,
"तुमच्याकडे बाई आहे का गं?"
"हो," मावी म्हणाली, "कुकरमध्ये."
काकू अजून लिफ्टमध्ये माझ्याकडे जपून बघतात.

खरं सांगू, पहिले सहा महिने
मला ते जेवण वाटलंच नाही.
चर्र झाल्याशिवाय भाजी झाली हे कळायचं कसं?
मी सटाण्याचा. आमच्याकडे फोडणीचा ठसकाच
गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन सांगून येतो,
पानं घ्या.

एका बुधवारी ती आंघोळीला गेली.
मी स्टुलावर चढून डबा उतरवला.
चमचाभर तेल, चार पाकळ्या ठेचलेला लसूण,
आईने एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेला काळा मसाला,
दार लोटून, पंखा लावून,
पळीत,
चोरासारखा.
चर्र.
बाथरूममधलं पाणी थांबलं.
"आवाज आला," ती आतून म्हणाली.

जेवताना गप्प होती. दोनदा वाढून घेतलं मात्र.
मग हात धुता धुता,
"आमच्याकडे भाजीला ओरडायला नाय लावत."
तिचं मराठी नऊ वर्षांचं आहे,
भाजी अजूनही अधूनमधून 'तो' असतो,
पण हे वाक्य तिने कुठेही न अडखळता म्हटलं.

तेव्हापासून तह आहे.
सोमवार ते शुक्रवार भाजी गप्प.
शनिवारी एक पळी ओरडा, तोही शेवटी, वरून.
सासूबाईंची ती डुकराच्या चरबीची बाटली
महिन्यातून एकदा उघडायची, अर्धा चमचा,
आधी गॅलरीचं दार लावून घ्यायचं,
आणि त्या दिवशी फ्रिजच्या दारावर
दोघांनीही बघायचं नाही.
नागलीची भाकरी सगळ्या वारांना चालते.
मावी सगळ्यावर शेंगदाण्याची चटणी घालते
आणि तहाबिहात पडत नाही.

परवा रात्री दोनला फोन. दचकून उठलो.
वॉर्डातल्या बोरस्ते मामांनी तिचा डबा चाखला होता.
"ते म्हणतात, ही आपली पातळभाजीच आहे,
फक्त मुकी."
हसली, रात्रीच्या वॉर्डात हसतात तशी, नाकातल्या नाकात.
"मुकी म्हणजे?"
मी अंधारात शब्द चाचपत राहिलो.
बोलता येत नाही अशी, म्हणणार होतो,
पण ते काही खरं नव्हतं.
तेवढ्यात तिकडे कुणाचीतरी बेल वाजली.

सकाळी दारात चपला काढता काढता
तिने डबा पुढे केला.
तळाला भाताचं एक शीत.
काही बोलली नाही, नुसती
वरच्या फळीकडे बघून आत गेली.
शनिवार होता.