चौथं पाणी

आमच्या सड्यावर पाऊस पडतो तो पडतोच.
चार महिने कौलांखाली एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं.
आणि होळीची राख निवते न निवते
तोच विहिरीत घागर टेकते तळाला, खडकावर,
टण्ण.
हा आवाज ऐकला की मी मोजायला लागते.

पहिलं पाणी तांदळाचं, पांढुरकं.
तेच दुसऱ्यांदा भाजीला,
तिसऱ्यांदा राखेनं घासलेली ताटं विसळायला
(निळी पावडर मी माळ्यावर लपवून ठेवलीय,
तिनं गेल्या वर्षी अळवाच्या कडा करपवल्या).
चौथं पाणी
मोरीतून सोडणांच्या गाळणीत,
तिथून चरात, चरातून केळीच्या आळ्यात.
पाचवं कोणी पाहिलेलं नाही.
ते घडात असतं.

चर मामंजींनी खणला.
खणला कसला, खणायला माती असती तर काय हवं होतं.
छिन्नीनं कोरला, कातळात, बोटभर उतार देऊन.
धाकू घवाळी, चाळीस वर्षं चिरेखाणीवर.
लोकांच्या भिंती जमिनीतून उचलून दिल्या
आणि मागे चौकोनी खड्डे राहिले.
खाण बंद पडली तेव्हा मालकाला म्हणाले,
"दगड तुमचा. भोक आमचं."
मालक हसला. मीही हसले.

मग मृगाच्या आधी दोघांनी मिळून
एका खड्ड्याच्या भेगा चुन्यानं बुजवल्या,
ताडपत्री अंथरली,
कातळावरून समुद्राकडे धावत सुटलेलं पाणी
जरासं वळवलं.
समुद्राला कळलंसुद्धा नाही.
आम्हाला ते माघापर्यंत पुरतं,
वाल, पडवळ, मुळा, दारची मिरची.
पुढे पुन्हा मोजणं.

संध्याकाळी त्यांच्या न्हाणीचं पाणी लाल यायचं.
किती तांबे घ्या, लालच.
खाण सुटून सहा वर्षं झाली तरी
कानामागून, नखांतून, पाठीच्या पन्हळीतून
जांभा निघत राहिला.
शेजारची जैबूनबी म्हणायची,
"तुमच्या केळ्यांना चिऱ्याचा वास येतो गो,"
आणि एक फणी जास्तीची न्यायची.

वैशाखात गेले. भर दुपारी.
त्या दिवशी टँकर आला नव्हता.
अंगणात आंघोळ घातली, तीन हंडे पाणी,
भावकीनं आपापल्या घरून आणलेलं.
ते अंगणभर पसरलं, घुटमळलं,
मग त्याला चर सापडला,
त्यांच्याच हातचा बोटभर उतार.
"अडव गो," नणंद कुजबुजली, "केळीत जातंय."
माझ्या पायाशी एक चिरा होता.
नुसता सरकवला असता तरी भागलं असतं.
मी पाय हलवला नाही.

श्रावणात केळफूल आलं, कार्तिकात घड उतरवला.
तीन दिवस पडवीत टांगलेला, पिवळा होत होत.
येणारे बघायचे, विषय बदलायचे.
चौथ्या दिवशी जैबूनबीचा नातू अर्शद
शाळेतून परस्पर आला, दप्तरासकट.
एक तोडलं, खाल्लं. दुसरं तोडलं.
सालं अंगणात.
त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, मीही नाही.
चिकट हात चड्डीला पुसणार इतक्यात
मी तांब्या घेऊन उठले.

म्हटलं, इथे नको रे,
तिकडे, आळ्यात धू.