रकाना

माध्यम, असं छापलेल्या रकान्यात
मी लिहिलं होतं: मिश्र.
रबाबबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
मिश्र काय, लोणचं आहे का?
लिही, बगदादच्या सरकारी इस्पितळातल्या
टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्म, दाभण, काजळी.

रकाना दोन बोटांचा.

निर्बंधांची वर्षं होती.
कॅनव्हास सोडा, साधी पेन्सिल मिळेना;
तिच्यातल्या शिशाचाही म्हणे बॉम्ब होतो.
धाकटी मैसून क्ष-किरण विभागात.
फिल्म पोटाशी गुंडाळून, वरून अबाया,
चालताना कडकड वाजायची.
चौकीवरचा पोरगा विचारी, काय वाजतंय?
हाडं, बाळा. वय झालं.

कुणाकुणाच्या त्या बरगड्यांतून
बाईंनी दाभणाने पूल ओढले,
पडलेले, आणि पडण्याआधीचे.
एका फुप्फुसात मासे भाजणारा बसवला.
एका कवटीच्या दोन खोबणींत दोन बायका,
समोरासमोरच्या गच्च्यांवर
कपडे वाळत घालताहेत,
बोलणं बंद आहे त्यांचं.
कोपऱ्यातला रुग्णाचा नंबर मात्र
कधी खरवडला नाही.

आता अम्मान. लुवेब्देच्या चढावर आमची गॅलरी,
फिल्मच्या मागे दिवे, वेलदोड्याची कॉफी.
एक जाणकार बराच वेळ
अभावाच्या व्याकरणाबद्दल बोलला.
बाई म्हणाल्या, असेल.

मग टॅक्सीवाला आला,
कुणाचा तरी राहिलेला मफलर द्यायला.
दिला, आणि जाईना.
चौदा नंबरसमोर उभा.
बाही वर सारली, मनगट काचेला लावलं.
फिल्ममध्ये सांध्याशी पिळलेली तार,
तारेला विळखा घालून खजुराची मुळं.

हा माझा हात आहे.

कुणी हसलं. बाई हसल्या नाहीत.
थंडीत दुखतो?
दुखतो.

चौकटीवर लाल टिकली होती.
हे काय?
मी सांगितलं, विकला गेलाय.
तो म्हणाला, दुसऱ्यांदा.
पहिल्यांदा कुणी घेतला, हे
गणवेशाच्या वयाच्या त्या माणसाला
तिथे कुणी विचारलं नाही.

रात्री बाई त्याच्याच टॅक्सीतून गेल्या,
पुढच्या सीटवर बसून.
दारात भाड्यावरून भांडण झालं म्हणे,
शेजारी जागे झाले, दोघांचीही बगदादी अरबी,
हा घेईना, त्या उतरेनात.