विसर खाते

विश्रामबागेत दुकानावर बोर्ड होता:
मोबाइल, महिना फक्त ५३२.
आणि दोनच्या खांद्यावर एक चांदणी,
मुंगीएवढी.

मार्केट यार्डात सव्वीस वर्षं हळदीच्या पट्ट्या लिहिल्यात मी.
पट्टीत अडत, हमाली, तोलाई समोरासमोर वजा होते,
वटाव द्यायचा तर तोही तिथल्या तिथं.
म्हणून चांदणी दिसली की वरचा आकडा सोडते
आणि खाली वाकते.

खालचं चष्मा पुसून वाचलं.
बिल सहाशे नव्याण्णव. चोवीस महिने.
दर तिसऱ्या महिन्याला पाचशे परत,
बिलाचा फोटो पाठवला तर,
सतरा ते सव्वीस तारखेच्या आत पाठवला तर,
फोटोत कागदाचे चारही कोपरे दिसले तर.

पिशवीतल्या पावतीमागे हिशेब केला:
सोळा हजार सातशे शहात्तर, वजा चार हजार,
भागिले चोवीस.
पाचशे बत्तीस आणि वर चिल्लर.
बोर्डावर खोटं असं काहीच नव्हतं.
त्याचंच जरा भय वाटलं.

काउंटरवर तौफिक मुजावर, मिरजेचा पोरगा.
म्हटलं, "बाबा रे, द्यायचेच आहेत तर आधीच का कापत नाहीत?"
त्यानं मालकाकडं बघितलं. मालक फोनवर होता.
"खरं सांगू काय मॅडम?
शंभरातली साठ माणसं विसरतात.
ऑफर त्यांच्या जिवावर चालते."

वडील सांगायचे, पूर्वी यार्डात
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसे.
इथं रुमाल नाही. सगळं छापून टांगलेलं.
झाकायला आपले रोजचे दिवस पुरतात.

घेतला फोन.
तौफिकनं खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं आठ तारखा लिहिल्या,
शेवटी 'विसरू नका', खाली दोन रेघा.
झाकण अडत दुकानातल्या खिळ्याला अडकवलं.
मी कसली विसरतेय!
नोकरीच्या पहिल्या वर्षातली अकरा रुपयांची चूक
मला अजून पान नंबरासकट पाठ आहे.

पहिले पाचशे आले. दुसरे. तिसरे.
'प्रिय ग्राहक, अभिनंदन',
जशी काही मी शर्यत जिंकले.
माझेच पैसे, परगावी राहून आलेले,
ओल्या हळदीसारखे वाळून जरा हलके झालेले.
चौथेही आले.

पाचव्या वेळी मुहूर्ताचे सौदे सुरू होते.
राजापुरीची पोती दारापर्यंत,
मी पापण्यांपर्यंत पिवळी.
झाकण थप्पीमागं गेलं.
थप्पी हलली तेव्हा सत्तावीस तारीख.

फोन लावला. आवाज म्हणाला, आपण रांगेत आहात.
माझ्यापुढं कोण होतं कुणास ठाऊक,
त्या साठांतलंच कुणीतरी असणार.
दुकानात गेले. तौफिक काम सोडून गेलेला.
नवी मुलगी नम्रपणे म्हणाली,
"तारखा लिहून द्यायची पद्धत नाही आमच्यात."

पाचशे बत्तीसचे पाचशे त्रेपन्न झाले.
रात्री वही उघडली.
येणे लिहू? येणार नाहीत.
खर्च म्हणू? कशावर?
बुडीत म्हणावं, तर बुडवलं कुणी?
शेवटी कोरं पान घेऊन नवं खातं उघडलं: विसर.

सौद्याआधी हातावर ठेवतात तो विसार.
एका कान्याचा फरक.
मी तो बहुतेक बोर्ड वाचला
त्याच दुपारी देऊन आले होते.

पान मोठं आहे. पाचशेच्या खाली बरीच जागा उरलीय,
तिकडं मी फार वेळ बघत नाही.

झाकण आता पंख्याच्या बटणाशेजारी, थप्पी पोचणार नाही इतकं वर.
बाजूला आणखी तीन झाकणं,
एक गवराक्का ऐवळेचं, दोन तिच्या सुनांची.
निवडणीच्या बायका जेवायला बसल्या की
एकजण उठून आजची तारीख मोठ्यानं वाचते.
अक्षर माझं.
खाली दोन रेघा.