पावली

एका पॉइंटाचे पंचवीस पैसे,
बँकेची मुलगी फोनवर म्हणाली,
आणि मी ओरडलोच, अहो, म्हणजे पावली!
तिला वाटलं, लाइन तुटतेय.
"सर, तुमचा आवाज कट होतोय."

ते नाणं बंद होऊन किती वर्षं झाली.
देवघरातल्या डबीत सात-आठ उरलीत,
गेंड्याची.

मी एकोणतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये काढली.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर,
निघताना जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवायचा.
टेबलावर नोटांचा अखंड कागद यायचा, शाईचा वास घेऊन,
आणि मी चुका शोधायचो:
सरकलेला आकडा, फुटलेली रेघ, एखादा आगाऊ ठिपका.
सापडली तर रद्दी.
नाही सापडली तर पैसा.
मधे फक्त माझा डोळा.

आता हे पॉइंट.
यांना कागद नाही, धागा नाही, जलचिन्ह नाही.
उजेडात धरावं तर धरायचं काय?

तरी साठतात.
बिटको चौकाजवळच्या पंपावर
छत्रीखाली बसलेल्या पोराने सही घेतली,
"काका, पहिलं वर्ष फुकट."
मग पेट्रोलचे बारा, किराण्याचे एकोणीस,
लाइटबिलाला शून्य, का ते विचारू नका.
मग शशिकलाचा मोतीबिंदू.
उजवा डोळा, परदेशी भिंग, चौसष्ट हजार.
मशीनने चिठ्ठी ओकली
आणि थिएटरबाहेरच्या बाकावर
मोबाइल खिशात थरथरला:
अभिनंदन! आपण २,५६० पॉइंट मिळवले आहेत.
आत तिला पट्टी बांधत होते.

पळशाचा गायधनी, आमच्याच सेक्शनचा, म्हणतो,
"जन्मभर दुसऱ्यांचे मोजलेस, आता स्वतःचे मोज."
मोजतो. झोपताना.
चार हजार सहाशे बारा.
भागिले चार,
अकराशे त्रेपन्न.
झोप लागते.

एका रविवारी कॅटलॉग उघडला.
सँडविच टोस्टर, आम्ही भाकरी खाणारे.
चाकांची बॅग, पण जायचं कुठे?
विमानाचे मैल होते, ते कशाने मोजतात कळेना.
शशिकला शेजारी बसली होती, नवा डोळा घेऊन.
डावा मिटला आणि म्हणाली,
"खाली चांदणी आहे बघा. मुंगीएवढी."
चांदणीपुढे लिहिलं होतं,
वस्तू मागवताना नव्व्याण्णव रुपये, वर कर.
मला दिसलं नव्हतं.
मला.
ती हसली. म्हणाली, "निम्मे तर माझ्या डोळ्याचे आहेत,
मीच घेणार."
आणि तिने विजेरी घेतली.

खोकं नवव्या दिवशी आलं. आत सेल नव्हते.
जेल रोडच्या दुकानात कार्ड पुढे केलं
तर पोरगा म्हणाला,
"दोनशेच्या खाली कार्ड चालत नाही, आजोबा. रोख द्या."
शंभराची दिली. त्याने दहाच्या दोन परत केल्या,
फडक्यासारख्या मऊ, एकीच्या कडेला हळद.

घरी सेल घातले, खटका दाबला.
"पावली एकदाची," शशिकला म्हणाली.

लाइट काही गेली नव्हती.
मीच खोलीतला दिवा मालवला,
हळदीची दहाची काढली
आणि मागून उजेड धरला.
धागा होता.
चेहरा हळूहळू वर आला,
विहिरीतून घागर यावी तसा.
आकडा सरळ. रेघ कुठे फुटलेली नाही.
आपल्याच टेबलावरून गेली असेल का ही,
ते नोटेला विचारता येत नाही.
मी तरी थोडा वेळ वाट पाहिली.

"खरी आहे ना?" तिने अंधारातून विचारलं.
"खरी आहे."
"मग बंद करा ती.
सेलचे पॉइंट नाही मिळाले."