नदीपर्यंतची पावलं

शुक्रवारी रीगातून निघालो तेव्हा साडेसहालाच अंधार.
मागच्या सीटवर मादारा, तिच्या मांडीवर मावशीचा केक,
केकच्या डब्यावर भूगोलाची वही.
"आई, गौया नदी कुठे उगम पावते?"
पुस्तकात बघ, म्हटलं.
मला फक्त ती कुठे चावते तेवढं ठाऊक आहे.

आउस्ट्रामावशीने दार उघडलं.
"वाळलीस," हे मला,
"उंच झालीस," हे मादाराला,
आणि गुनार्सला काहीच नाही.
तो आदल्या दिवशीच पोचलेला, सात वर्षांनी,
आयर्लंडच्या मशरूमच्या शेडमधून
पाठीचं दुखणं घेऊन.
आईच्या वेळी त्याला तिकीट मिळालं नव्हतं,
किंवा मिळालं होतं. कुणी विचारलं नाही.
मावशीने त्याच्या ताटात राखाडी वाटाणे वाढले,
वर परतलेल्या चरबीचे तुकडे,
ताट संपलं तसे पुन्हा वाढले.
त्या रात्री बोलणं झालं ते एवढंच.

शनिवारी केबिन.
केबिन म्हणायचं आपलं.
रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर बाबांनी उभी केलेली एक खोली,
एक चूल, आणि एक दार
जे थोडं उचलून, शिवी देऊन लावावं लागतं.
हिवाळ्याआधी ती मिटायची असते:
पंपातलं पाणी काढायचं,
गाद्या तारेवर टांगायच्या,
उंदरांच्या नावाने साखरेचा डबा झटकायचा.
आणि शेवटी
उंबऱ्यापासून काठापर्यंत पावलं मोजायची.

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने:
१९८७ – ४१
१९९४ – ३८
२००३ – ३३
२०१०, पुरानंतर – २६.
बाबांचं अक्षर इथे संपतं.
खाली आईचं, गोल, शाळामास्तरणीचं:
२०१६ – २९.

"नदी मागे सरकली?" मादाराने विचारलं.
नाही गं. आजी छोटी होती.

त्यानंतर लाकूड कोरं.

"विकून टाकू," गुनार्स चुलीतली राख काढत म्हणाला.
कोण घेणार? मी म्हटलं.
नदीने विसार दिलेली जागा आहे ही.
तो हसला. पाठ धरून हसला,
आणि राखेची बादली घेऊन
सरळ काठाकडे चालत सुटला,
मोठ्याने मोजत, बाबांच्या बुटांत,
जे त्याला अजूनही एक नंबर मोठे आहेत.
एकोणीस.
कडेची वाळू त्याच्या पुढ्यात थोडी घसरली
आणि पाण्यात गेली, चहात साखर जावी तशी.
तो तिथेच थांबला.
राख रिकामी करायला माणसाला जेवढा वेळ लागतो
त्याहून बराच जास्त.

मग मादारा गेली. सत्तावीस.
"बाबाआजोबांपेक्षा एक जास्त!"
जिंकल्यासारखी धावत आली.
कुठला आकडा लिहायचा यावर दोघं भांडले,
खरंखुरं भांडले, या घरात कित्येक वर्षांनी
कुणीतरी आवाज चढवून काहीतरी बोललं.
शेवटी पेन्सिल तिच्या हातात होती,
तिने जीभ दातांत धरून लिहिलं:
मामा – १९ (आजोबांचे बूट)
मी – २७ (बूट नंबर ३४)
आणि साल लिहायला विसरली.
मी आठवण केली नाही.

रविवारी मावशीने केकचा डबा
सफरचंदं भरून परत दिला.
गुनार्सच्या खिशात तिने काहीतरी कोंबलं,
बहुतेक पाठीला लावायचं मलम.
"वसंतात ये," त्याला म्हणाली,
म्हणजे त्याच्या कोटाच्या बटणाला म्हणाली.

परतीच्या वाटेवर मादारा झोपली.
सिगुल्दाच्या पुढे पाऊस, वायपर, ट्रकांचे लाल दिवे,
गाडीभर सफरचंदांचा वास,
आणि तेव्हा लक्षात आलं
की मी मोजलीच नाहीत.

रात्री, एका खांद्यावर मुलगी, एका हातात डबा,
गाडीपासून लिफ्टपर्यंत
बावीस.