सरपण, एक मोळी

कोतवाल चावडीवरून हुकूम आला: चुली मोजा.
चुलीमागे दोन पायली जोंधळा,
चार कळक, वीस पेंढ्या गवत.
माणसं मोजू नका, माणसं खोटं बोलतात.

म्हणून मी, विसाजी, यादीचा कारकून,
कानाला बोरू, कमरेला दौत,
वैशाखातल्या त्या सकाळी
नागझरीच्या काठानं राखेत उतरलो.
जमीन अजून वहाणेतून चावत होती.

कूड गेले होते, आढी गेली होती.
चुली तेवढ्या होत्या.
मातीच्याच त्या, आगीनं भाजून
आव्यातून काढल्यासारख्या लाल, खणखणीत.
बोटानं वाजवत गेलो. सात. अकरा. एकोणीस.
बाळाप्पा साळ्याच्या घरात दोन निघाल्या;
भाऊ वेगळे झाल्याचं आळीला त्या दिवशी कळलं.
दौलू तांबोळ्यानं रातोरात तीन दगड मांडले होते.
दगडांना काजळी नव्हती.
मी दगडांकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे.
लिहिलं: चूल एक.

पुढचा रकाना: आग कोठून लागली.
सगळी बोटं एकीकडेच.
हैबती भडभुंजा, त्याची भट्टी आळीच्या तोंडाशी,
तिसऱ्या प्रहरी वावटळ, ठिणगी उडाली म्हणे.
कोणी पाहिली? विचारलं, तर सगळ्यांनीच पाहिलेली.
हैबती भट्टीला टेकून बसला होता, भुवया जळून गेलेल्या.
‘लिवा,’ म्हणाला, ‘माजंच नाव लिवा.’
मी बोरू बुडवला.
शाई घट्ट झालीय, पाणी घालून आणतो, म्हटलं
आणि पुढच्या घराकडे वळलो.

दुपारी लमाणांचे बैल आले, पाठीवर गोण्या.
सोबत सावकाराचा मुनीम,
पुण्य नीट धन्याच्याच नावे पडतंय ना, ते बघायला.
मापं झाली. पदरात, पागोट्यात,
अर्ध्या जळक्या सुपात जोंधळा पडला
आणि आळी तो धरून तशीच उभी राहिली.
जाती तडकलेली. मडकं नाही. तवा कुठला?
पोरं कच्चे दाणे चावत होती.
ती कडकड अजून माझ्या दाढेत आहे.

तेव्हा साळू बुरडीण उठली.
तिचा नातू त्या रात्री शेळीचं दावं सोडायला गेला,
तो आला नव्हता.
ती हैबतीपुढे जाऊन थांबली.
आळीचा श्वास अडला, मुनीमाचासुद्धा.
तिनं पदर सोडून
सगळा जोंधळा त्याच्या पुढ्यात ओतला.
‘भट्टी पेटव.’
तो हलेना.
‘अरं, वाळू हाय तुजी, कढई हाय.
पोरं कच्चं खात्यात. पेटव.’

सरपण कुठलं? जे जळायचं ते जळून गेलेलं.
लमाणाकडची एक मोळी मी सोडवली,
म्हटलं, यादीत लिहितो.
चकमकीवर हैबतीचा हात तीनदा घसरला.
ठिणगी पडली तशी
आया पोरं उचलून मागं सरल्या,
कोणीतरी नागझरीकडे घागरीसाठी धावलं,
घागर नाही हे धावताना आठवलं.
साळू वाऱ्याला पाठ देऊन
भट्टीच्या तोंडाशी बसून राहिली.

वाळू तापली. पहिला दाणा फुटला
आणि सगळे दचकले.
दुसरा. मग एकदम पसाभर.
एक पोरगं हसलं. त्याला कोणी दटावलं नाही.
दोन दिवसांत त्या आळीत
इतकं पांढरं काही कोणी पाहिलं नव्हतं.

मूठभर मलाही दिल्या. सरकारी धान्य,
कारकुनानं खाऊ नये.
खाल्ल्या. वाळू लागली दाताला.

संध्याकाळी यादी चावडीवर दिली.
चुली एक्केचाळीस. कळक, गवत, जोंधळा, बरहुकूम.
आग कोठून लागली: कोरं.
खाली एक जादा ओळ:
सरपण, एक मोळी, भट्टीकडे.

परवा वरून विचारणा आली,
हा खर्च कोणत्या खाती घालावा,
धर्मादाय की गुन्हेगारी?
बोरू कानालाच आहे.
शाई पुन्हा घट्ट झालीय.