विंगेतलं वाक्य

अडतीस वर्षं मी विंगेत उभा राहून
दुसऱ्यांची वाक्यं पुटपुटलो.
हातात दोनशे पानी वही, काळा कागद गुंडाळलेला बल्ब,
आणि ओठ असे हलवायचे की नटाला ऐकू यावं,
पहिल्या रांगेतल्या आमदाराला नाही.
खोकला आला तर वही चावायची,
हे नेर्लेकर मास्तरांनी शिकवलं.
तीन वह्यांच्या कोपऱ्यांवर अजून माझे दात आहेत.

आणि आता मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
‘सुचेल ते!’
म्हणजे कार्यक्रमाचं नावच ते.
संहिता नाही, तालीम नाही.
लोकांनी चिठ्ठ्या टाकायच्या स्टीलच्या डब्यात
(डबा आमच्या घरचा, चकलीचा, ही रोज विचारते)
पाहुण्यानं एक उचलायची
आणि तोंडाला येईल ते बोलायचं.
मी दिग्दर्शकाला म्हणालो, कैवल्य नाव, वय असेल सव्वीस,
मग मी काय करू?
काका, तुम्ही घंटा वाजवा. तीन मिनिटं झाली की.

वाजवली.
पहिल्या आठवड्यात पेठेतला गोलकीपर.
त्याला चिठ्ठी आली, ‘नवरीचा मामा’.
तो अक्षर बोलला नाही. नुसत्या अक्षता अडवत राहिला,
डावीकडं झेप, उजवीकडं झेप,
एक दाणा नवरीपर्यंत जाऊ दिला नाही.
मग एक कीर्तनकार बाई, ‘बंद पडलेली लिफ्ट’.
तिनं तिथंच पूर्वरंग सुरू केला,
मी घंटा दिली तर टाळ समजून ठेका धरला.

काल मुंबईहून अवनी ताशिलदार.
नऊशे भाग रडलेली.
चिठ्ठी: ‘पोलीस ठाणे. म्हैस हरवली.’
आमचा प्रख्यात टॉवेल गुंडाळून आत आला,
बाईसाहेब, म्हैस हरवली ओ.
ती टेबलामागं. हातात पेन.
आणि काही नाही.

शांततेच्या जाती असतात, मला विचारा.
एक असते जिच्यात नट प्रेक्षकांना खेळवतो.
एक असते जिच्यात तो आठवतो.
आणि एक,
जिच्यात नट निघून गेलेला असतो
आणि त्याच्या कपड्यात कुणीतरी घामेजून उभं असतं.

माझा हात वहीकडं गेला. वही कुठली,
हातात घंटा.
ओठ मात्र सुटले, जुनी खोड.
कुणी लिहिलेलं नव्हतं, कुठल्या अंकातलं नव्हतं:
नाव काय तिचं?

तिनं मान वळवली नाही. कसलेली बाई.
“नाव काय तिचं?”
प्रख्यात गडबडला. त्यानं शिंगं, रंग, दुधाचे लिटर
सगळं तयार ठेवलेलं.
“सु… सुवर्णा,” म्हणाला, आणि चक्क लाजला.
“कधीपासून रुसलीय?”
आता ती सुटली.
“भांडण कशावरनं? पेंडीवरनं, का तुमच्या आईवरनं?”
पत्रे हलतील असा हशा.
तीन मिनिटांची सात झाली.
कैवल्य हातवारे करत होता,
मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

जाताना ती विंगेपाशी थांबली. बाहेर गाडी चालू होती.
“आवाज तुमचा होता?”
मी म्हणालो, “घंटा माझी.”
असं का म्हणालो, कुणास ठाऊक.

रविवारी दाखवणार आहेत.
साऊंडचं पोरगं सांगत होतं,
काका, मागनं कसलीतरी खुसफूस येत होती,
साफ केली.

रात्री गंगावेशीत दुधाला थांबलो.
हातात फेसाचा ग्लास, समोर ती,
काळीभोर, ओली, स्वतःच्याच नादात रवंथ करणारी.
मी विचारलं, नाव काय हिचं?
धार काढणारा वर न बघता म्हणाला,
“नाव कशाला पावणं? हाक मारली की बघती.”
काय हाक मारता?
“ये,” म्हणाला तो.

तिनं मान वर केली.
मीही.